पहिल्या बाराचं जनावर

किसनसिंग आडे बंदूक घेणार हे तांड्यात कळलं आणि त्या दिवसापासून त्याचं डोकं उठलं. लायसन मिळवताना झाला नव्हता तेवढा त्रास त्याला लोकांच्या सल्ल्यांनी झाला. ज्याने उभ्या जन्मात गोफणीपलीकडे काही चालवलं नाही, तो माणूस दारात येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि कोणत्या कंपनीची बंदूक चांगली ते सांगायचा.

किसनसिंग तसा रागीट म्हणूनच ओळखला जायचा. फुलसावंगीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा तांडा. सकाळी त्याचं ओरडणं कानावर आलं की शेजारच्या बाया म्हणायच्या, उठला किसन. तो बैलावर ओरडायचा, मोटरपंपावर ओरडायचा, लाइनमनवर, जावयावर, कोंबड्यांवर ओरडायचा. एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर शेजारी कुडावरून डोकावून विचारायचा, "तब्येत बरी हाये ना?" त्याचा त्याला आणखी राग यायचा.

बंदुकीमागचा राग मात्र वेगळा होता. तो त्याने कुणावर काढला नव्हता. हिवाळ्यात त्याची बायको हंसाबाई हरभऱ्याची भाजी खुडायला वावरात गेली होती. पिकात झोपलेलं रानडुक्कर तिच्या अंगावर आलं. सुळ्याने मांडी फाडली. किसनसिंगने तिला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने पुसदला नेलं. टाके पडले, ती वाचली, पण पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. आता ती चुलीसमोर बसायची तेव्हा तो पाय सरळ लांब करून बसायची, आणि येणारा-जाणारा तो ओलांडून जायचा. पंचनाम्याला जंगल खात्याचा माणूस आला तो जखमेवर खपली धरल्यावर. त्याने विचारलं, "डुक्करच होतं कशावरून? पाहिलं कुणी?" हंसाबाईने लुगडं वर करून मांडी दाखवली तेव्हा तो मान वळवून कागद चाळत बसला.

त्या दिवशी किसनसिंग ओरडला नाही. त्याने अंगणातली खाट उचलून आपटली, ती मोडली. दुसऱ्या दिवशी तो लायसनच्या मागे लागला.

बंदूक त्याच्या घराला नवी नव्हती. त्याच्या बापाकडे भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वरून छर्रे टाकायचे, टिकली लावायची आणि मग एकच बार. चुकला तर पुन्हा सगळं ठासून होईपर्यंत जनावर दोन शिवारं ओलांडून जायचं. म्हणून बाप बाराची घाई करत नसे. लहानग्या किसनला तो मागे घेऊन सरीतून पोटावर सरपटायचा. वारा तोंडावर घ्यायचा, पाठीवर कधी नाही. हरणाने मान वर केली की बाप तिथल्या तिथे ढेकूळ होऊन जायचा. हरणाने पुन्हा मान खाली घातली की एक हात पुढे. पुढे शिकार बंद झाली, तरी पीक राखायला म्हणून बंदूक घरात राहिली. बाप गेला तेव्हा किसनसिंग ऊसतोडीला गेलेला होता. तो परत येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा झाली होती आणि लायसन बापाच्या नावाचं म्हणून ती पुन्हा घरी आलीच नाही.

आता लायसन त्याच्या स्वतःच्या नावाचं होतं. प्रश्न एवढाच उरला होता की घ्यायची कोणती.

तांड्याचा नायक नेमसिंग नात्याने त्याचा चुलत भाऊ, वयाने मोठा. त्याचं म्हणणं, दुनाळी घे.

"दोन बार होते किसन. एक गेला त दुसरा हाये."

"दोन बार कायले? म्या काय लग्नात उडवून राह्यलो का?"

"आन् अंगावर आलं त?"

"दुनाळीचा छर्रा पोचते कुठवर? रोही बांधाच्या त्या तोंडाले चरून राह्यलं अन् मी ह्या तोंडाले. त्याले काय हाक मारून जवळ बोलावू?"

नायक हसायचा आणि आणखी एक चहा मागायचा.

पुतण्या रामधन ऑटो चालवायचा आणि फुरसतीच्या वेळी मोबाइल बघायचा. तो एक दिवस मोबाइल पुढे घेऊन आला. त्यात हिरव्या कपड्यांतला एक गोरा माणूस ओल्या डोंगरावर पालथा पडला होता. लांब कुठंतरी फांद्यांसारखी शिंगं असलेलं हरीण उभं होतं. माणूस कुजबुजत होता आणि मधून मधून आपली रायफल कॅमेऱ्याला दाखवत होता.

"काका, हा म्हणते हरणाच्या मागं जाचं असन त जर्मनीची घ्या. फिनलंडची बी चालते म्हणते. वजन कमी, नेम पक्का."

किसनसिंगने डोळे बारीक करून पाहिलं. माणूस सरपटत होता ते बरोबर होतं. वारा कुठून येतो ते त्याने गवत उडवून पाहिलं, तेही बरोबर होतं. किसनसिंगला क्षणभर तो माणूस आवडला.

"त्याचं वावर कुठं हाये?"

"कोनाचं?"

"ह्याचं. हरनानं काय खाल्लं त्याचं?"

"वावर नाही काका. हा शौकानं मारते. पैसे देऊन जाते तिथं."

"मंग त्याले काय इचारतं बे? माह्या बायकोचा पाय गेला अन् तू मले शौकवाल्याची बंदूक दाखवून राह्यला! बंद कर थे!"

रामधनने मोबाइल खिशात घातला. पण जाता जाता म्हणालाच, "नेम मात्र भारी होता त्याचा."

यवतमाळच्या दुकानात किसनसिंग एकटा गेला. कुणाला बरोबर घेतलं नाही. दुकानदार कमलाकरराव म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी लायसन पाहिलं, मग चष्मा पुसला आणि विचारलं, "काय मारायचंय?"

"रोही. डुक्कर. परवानगी मिळन तवा."

"नीलगाय, डुक्कर ठीक. आणि हरीण?" कमलाकरराव गमतीने म्हणाले.

किसनसिंगची कानशिलं तापली. "शिकारी नाही मी साहेब. वावर राखाचं हाये."

कमलाकररावांनी पुन्हा गंमत केली नाही. त्यांनी काउंटरवर तीन बंदुका मांडल्या. एक एकनाळी, नव्या लाकडाची. एक सरकारी कारखान्याची रायफल, काळी, साधी, बोल्टची. आणि तिसरी एका जुन्या वकिलाच्या घरातून विकायला आलेली, विलायती. तिच्या लाकडावर सांबराचं चित्र कोरलेलं होतं आणि लाकूड असं होतं की हात लावला तर हात काढावासा वाटू नये. विलायतेतली मोठी कंपनी होती, कमलाकररावांनी तिचं नाव अदबीने घेतलं.

किसनसिंगने तिन्ही उचलून पाहिल्या. मग रायफल आणि विलायती बंदूक दोन्ही हातांत घेतल्या आणि आजूबाजूला पाहिलं.

"इथं खाली पडू का?"

"पडू म्हणजे?"

"पालथा. म्या उभ्यानं थोडीच मारनार? सरीतून मारनार."

कमलाकररावांनी नोकराला फरशी पुसायला सांगितली. किसनसिंग दुकानाच्या मधोमध पालथा पडला. दारातून आत येणारं एक गिऱ्हाईक पाहून परत गेलं. त्याने विलायती खांद्याला लावली. सुरेख बसली. बोल्ट ओढला, तर लोणी कापल्यासारखा आला. मग सरकारी लावली. ती जरा जड, खांद्याला टणक. बोल्ट ओढताना त्याने कान लाकडाला टेकवला. खट् आवाज आला. पुन्हा सावकाश, हाताच्या तळव्याने दाबून ओढला. आवाज मेला.

पडल्या पडल्याच त्याने विचारलं, "हिची गोळी कुठं भेटते? ह्या सांबरवालीची?"

"मुश्किलच आहे आता. मिळाली तर मिळाली."

"अन् हिची?"

"ही सरकारीच. गोळी मिळते, बिघडली तर दुरुस्तीही होते."

किसनसिंगने विलायतीवरच्या सांबराकडे एकदा पाहिलं. बापाच्या हातात ही कशी दिसली असती असं त्याच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून त्याला राग आला. उठून शर्ट झटकत तो म्हणाला, "हे काळी द्या."

तांड्यात रायफल पाहायला गर्दी झाली. नायकाने ती हातात घेतली, वजन जोखलं आणि म्हणाला, "एकच नळी! मी म्हनलो होतो दुनाळी घे." रामधनने कंपनीचा शिक्का शोधला आणि तोंड वाकडं केलं. हंसाबाई पाय लांब करून उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच म्हणाली, "वाजते का?"

"वाजते."

"मंग झालं."

पुढच्या हिवाळ्यात हरभरा घाट्यात आला आणि डुकरांनी पुन्हा शिवार धरलं. रात्रीतून वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे उलटे व्हायचे. किसनसिंगने अर्ज केला, चकरा मारल्या, ओरडला, आणि शेवटी परवानगी मिळाली. ती द्यायला वनपाल संघदीप मनवर स्वतः तांड्यात आले होते. तरुण माणूस, मारेगावकडचा, नियमाने वागणारा. त्यांनी सगळ्यांच्या देखत बजावलं.

"किसनभाऊ, नीट ऐका. जनावर पडलं की पहिला फोन मला. त्याला कुणी हात लावायचा नाही. मी येणार, पंचनामा होणार, मग माझ्यासमोर जाळायचं. मांस घरात गेलं तर तुमची परवानगी गेली, रायफल गेली, वरून केस होईल ती वेगळी."

"समजलं साहेब. मले काय खायची हौस नाही."

नायकही तिथेच होता. त्यानेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी किसनसिंग उजाडायच्या आधी सरीत जाऊन पडला. वारा नाल्याकडून तोंडावर येत होता. झुंजूमुंजू झालं तेव्हा कळप दिसला, आणि कळपाच्या कडेला एकटा, मोठा, आयाळ उभी असलेला नर. किसनसिंग कोपरांवर सरकत गेला. डुकराने मुसकट वर केलं की हा थांबायचा, ते पुन्हा मातीत गेलं की एक हात पुढे. छातीखाली घाटे फुटत होते. तळव्याने दाबून त्याने बोल्ट सारला. नर आडवा झाला, आणि किसनसिंगने घोडा ओढला.

एकच बार झाला. डुक्कर चार पावलं धावलं आणि कडेच्या तुरीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, कोसळलं.

किसनसिंग उठून त्याच्यापाशी गेला. सुळे पिवळे, वाकलेले होते. हंसाबाईला फाडणारं हेच की दुसरं, ते कोण सांगणार? त्याला वाटलं होतं की बरं वाटेल. पण डोळ्यांसमोर ती मोडलेली खाट आली. त्याने डुकराला एक शिवी दिली, मग आणखी एक. शिव्या देता देता आवाज चढला आणि तो ऐकूनच रामधन पळत आला.

"काका, पडलं?"

"पडलं. ऐक. मी टेकडीवर जातो फोन लावाले, इथं रेंज नाही. कोनी याले हात लावाचा नाही. कोनी म्हंजे कोनी! सांगजो सगळ्याले. हात लावला त तंगडं तोडीन एकेकाचं!"

"हो काका."

वाटेत रायफल घरात कोपऱ्यात ठेवून तो टेकडीवर गेला, तिथे फोन लागला. मनवर म्हणाले, "मी महागावला मीटिंगमध्ये आहे, दुपारपर्यंत येतो, तुम्ही फाट्यावर थांबा, मला शेताची वाट सापडायची नाही." किसनसिंग तसाच फाट्यावर गेला. मनवरांची मीटिंग लांबली. येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलीकडे बघत आणि प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या देत किसनसिंग बाभळीखाली बसून राहिला.

मनवरांच्या गाडीवर बसून तो वावरात परतला तेव्हा तुरीच्या तासात रक्त होतं, आतड्यांचा ढीग होता आणि दोन कुत्री होती. डुक्कर नव्हतं.

मनवरांनी रक्ताकडे पाहिलं. मग किसनसिंगकडे पाहिलं. किसनसिंग तांड्याकडे पळत सुटला.

नायक आपल्या ओट्यावर बसून हात धूत होता. समोर पळसाच्या पानांवर शेवटचे दोन वाटे ठेवलेले होते.

"ये किसन! काय जनावर पाडलं लेका! पहिल्या बारात! तुह्या बापानंतर आज तांड्यात वाटा झाला. एक घर सोडलं नाही मी. म्हाताऱ्या विधवेचा वाटा आधी काढला, मंग बाकीच्याईचा. मुंडकं अन् काळीज तुह्या घरी पोचवलं, मारनाऱ्याचा मान."

किसनसिंग ओट्यापाशी येऊन ओरडला. ते सगळ्या तांड्याला ऐकू गेलं.

"म्या सांगून गेलतो! हात लावू नका म्हनून सांगून गेलतो! ह्या रामधनले सांगतलं होतं!"

"सांगतलं नं त्यानं," नायक शांतपणे म्हणाला. "काका तंगडं तोडीन म्हनते, असं सांगतलं. पन किसन, तू त रोजच म्हनतं. काल कोंबडीले म्हनत होता."

मागे दोन बाया हसल्या. मग त्यांना किसनसिंगच्या मागून येणारे मनवर दिसले आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"साहेबानं तुह्या समोर सांगतलं होतं नायक! तू मान हलवली होती!"

"थे कागदाचं होतं. कागदाचं साहेबाच्या ठिकानी." नायकाचा आवाज आता जरा खाली आला. "पन तांड्यातल्या मानसानं पाडलेलं जनावर वावरात कुत्र्याले टाकाचं? उद्या माह्या बापानं वर इचारलं त काय सांगू?"

मनवरांनी टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "मला पूर्ण जनावर दाखवा. तुकड्यांत असलं तरी चालेल. जमवा, माझ्यासमोर जाळा, मी तसं लिहितो. पण मुंडकं पाहिजे. सुळे पाहिजेत. त्याशिवाय ते डुक्करच होतं हे मी वर कसं सांगू?"

किसनसिंगने घरामागची ताडपत्री ओढून आणली आणि दारोदार निघाला. तो एकेका दारात उभा राहायचा आणि ताडपत्री पसरायचा. काही घरांतून कच्चं मांस पानासकट आलं. काही घरांतून शिव्या आल्या आणि मग मांस आलं. एका घरी हळद-तिखट चोळून झालं होतं. ज्या म्हातारीचा वाटा पहिला काढला होता तिने चुलीवरची हंडी उचलून आणली आणि रश्श्यासकट ताडपत्रीवर पालथी केली.

"घे रे किसन. तेल अन् मसाला माह्या घरचा होता, थो बी जाळ तुह्या साहेबासमोर."

"याडी, माय, मी काय करू?" किसनसिंग ओरडला. "मले सांग, मी काय करू?"

"तुह्या बापानं कधी वाटा देऊन वापस नाही मांगला," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

ताडपत्री जड झाली. रामधन मान खाली घालून तिचं दुसरं टोक ओढत होता. सगळा तांडा फिरून झाला आणि एकच घर उरलं. किसनसिंग त्याच्या दाराशी आला. ते त्याचंच होतं.

आत धूर होता. हंसाबाई चुलीसमोर पाय लांब करून बसली होती. जळक्या केसांचा वास येत होता. मुंडकं भाजून, कुऱ्हाडीने फोडून झालेलं होतं आणि मोठ्या गंजात शिजत होतं. तिच्या हातात पळी होती.

"थे दे," किसनसिंग म्हणाला.

"नाही."

"हंसा, साहेब बाहेर उभा हाये. बंदूक जाते. लायसन जाते. समद्यानं देलं."

"समद्याचा पाय नाही गेला." ती वळली नाही. "तुमी वरीसभर बंदुकीच्या मागं होते. हे कंपनी का थे कंपनी, एकनाळी का दुनाळी. मी काई बोलली? माह्यासाठीच घेऊन राह्यले, असं मी समजत होती."

"तुह्यासाठीच घेतली!"

"मंग मिळालं नं आता मले! हे हाये माह्यासमोर." तिने पळीने गंजाच्या काठावर ठोकलं. "माह्या मांडीचा तुकडा डुकरानं नेला. तवा कोन आलं होतं? पंचनाम्याचा मानूस खपली धरल्यावर आला, अन् मले इचारते डुक्करच होतं कशावरून. आज त्याईले मुंडकं पाहिजे, सुळे पाहिजे! जा, सांगा त्याईले. मांडी पाहाची असन त अजून दाखवतो."

बाहेर मनवरांनी हे सगळं ऐकलं असणार, कारण तांड्यात एवढी शांतता झाली होती की गंजातलं पाणी उकळताना ऐकू येत होतं. किसनसिंगने चुलीकडे एक पाऊल टाकलं. मध्ये तो लांब केलेला पाय होता. रोज तो सहज ओलांडायचा. आज ओलांडला तर गंजापर्यंत हात पोचला असता, आणि तिने काही हात धरला नसता, हे त्याला माहीत होतं.

तो उभा राहिला. मग वळला आणि कोपऱ्यातली रायफल उचलून बाहेर आला.

"मुंडकं?" मनवरांनी विचारलं.

"नाही भेटनार."

"कुणाकडे आहे?"

"माह्या घरात. शिजून राह्यलं. लिहा."

"किसनभाऊ, विचार करा. मी अजून काहीच लिहिलेलं नाही. दहा मिनिटं मी त्या समोरच्या झाडाखाली उभा राहतो."

"कायले? लिहा म्हनलो नं! माह्या नावानं लिहा. मारलं म्या, नेलं म्या, खातो बी मी." त्याने बोल्ट ओढला, नळी रिकामी करून दाखवली, उरलेल्या गोळ्या मनवरांच्या हातावर ठेवल्या आणि रायफल त्यांच्या पुढे धरली. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

नायक पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "साहेब, कापलं म्या. वाटे म्या पाडले. माह्यं नाव लिहा."

"तू चूप बस!" किसनसिंग त्याच्यावर असा ओरडला की नायक जागीच थांबला. "ज्याचा मान त्याच्या नावानं लिवतील. तुह्या दुनाळीनं नाही मेलं थे!"

मनवरांनी लिहून घेतलं. लिहिताना ते दोनदा थांबले. रायफल त्यांनी फडक्यात गुंडाळली, किसनसिंगचा अंगठा नव्हे, सही घेतली, आणि ताडपत्रीवरच्या ढिगावर डिझेल ओतायला सांगितलं. रामधनने काडी ओढली. मसाला लावलेलं मांस जळायला लागलं तसा सगळ्या तांड्यावर असा वास पसरला की पोरं रडायला लागली आणि बायांनी त्यांना घरात ओढून दारं लावून घेतली.

किसनसिंगही आत आला आणि दार लोटलं. हंसाबाईने दोन थाळ्या घेतल्या, ज्वारीच्या भाकरी वाढल्या, वर रस्सा आणि मांस वाढलं.

"शिजलं नाही अजून," ती म्हणाली.

"वाढ."

तो तिच्या पायाच्या अलीकडे, भिंतीला टेकून बसला. मांस चिवट होतं, अर्धं कच्चं होतं. उद्यापासून कळप पुन्हा येणार होता आणि सरीत पडायला हातात काही असणार नव्हतं. दोघं एकमेकांकडे न बघता चावत राहिले, आणि ताटात फक्त हाडं उरेपर्यंत कुणी उठलं नाही.